रक्त निराळे म्हणजे काय?



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. प्राणिशास्त्र आम्ही महाविद्यालयात शिकलो नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर शिकलो. त्याला निमित्त झाले एका संपाचे. दोन जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांत फूट पडली आणि आमचाच एक जुना कार्यकर्ता म्हणाला, “त्यांचे रक्तच निराळे!” आम्हांस उत्तर देता आले नाही. रक्त निराळे आहे की नाही हे ठरवायचे कसे, हेच मुळी ठाऊक नव्हते. ते आम्हांस समुद्रपुष्पांनी शिकविले.

समुद्रपुष्प हे फूल नव्हे, प्राणी आहे. तो खडकाला चिकटून बसतो आणि तोंडाभोवतीच्या दंश करणाऱ्या बाहूंनी भक्ष्य धरतो. ब्रिटनच्या किनाऱ्यावर ‘ॲक्टिनिया इक्वायना’ ही जात विपुल आहे. कोणी तांबडे, कोणी हिरवे, कोणी तपकिरी. त्याच किनाऱ्यावर एक मोठे, तांबड्या अंगावर हिरवे ठिपके असलेले, स्ट्रॉबेरीसारखे दिसणारे समुद्रपुष्प आढळते. तो त्याच जातीचा एक प्रकार, असे पुष्कळ वर्षे मानीत.

कार्टर आणि थॉर्प या संशोधकांनी दोहोंची प्रथिने तपासली. रीत अशी: प्रथिने जेलीसारख्या थरात ठेवून वीज सोडायची. विद्युत्भाराप्रमाणे कोणी पुढे धावते, कोणी मागे राहते. जनुक बदलला की प्रथिन बदलते आणि पुष्कळदा त्याचा पट्टा निराळ्या जागी उमटतो. शेजारी राहणाऱ्या दोघांत संकर होत असेल, तर दोहोंचे पट्टे बाळगणारी मिश्र संतती सापडलीच पाहिजे. तशा देवघेवीचे चिन्ह दिसले नाही. शिवाय इक्वायना पोटात पिले वाढविते. स्ट्रॉबेरीवाले वाढवीत नाही. १९८१ साली त्यांनी जाहीर केले की या दोन स्वतंत्र जाती आहेत.

एकाच जातीच्या दोन वस्त्यांतही फरक असतो. पण तो प्रमाणाचा. समजा, जनुकाचे एक रूप इकडे शंभरात साठ वेळा आढळते, तिकडे चाळीस वेळा. रूपे तीच, वाटणी निराळी. दोन जातींत मात्र देवघेवच थांबलेली असते.

आता कोणी म्हणेल, “म्हणजे तुमचा कार्यकर्ता खरेच बोलला! सारखे दिसणारे आतून निराळे निघाले ना?” हा प्रश्न टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण माणसांचीही मोजणी झाली आहे. रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ साली जगभरच्या लोकांचे रक्तगट आणि रक्तातील प्रथिने यांचा हिशेब मांडला. माणसामाणसांतील भेदांपैकी सुमारे ८५ टक्के भेद एकेका समाजाच्या आतच आढळले. म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडाशी असलेला आपला फरक परगावच्या माणसाशी असलेल्या फरकाहून फारसा कमी नाही. समुद्रपुष्पांच्या त्या दोन जातींमध्ये आहे तशी भिंत माणसांत कोठेच नाही.

पुढे एका द्वारसभेत आम्ही हे सारे सांगितले. तो कार्यकर्ता समोरच बसला होता. त्याने विचारले, “मग भांडण कशाचे?”

आम्ही म्हणालो, “ओव्हरटाइमच्या वाटणीचे. ते रक्तात नाही, हजेरीपटात आहे. आणि हजेरीपट बदलता येतो.”