प्रलयानंतरची अठ्ठावीस मिनिटे



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विचारले, "जग बुडाल्यानंतरच्या चित्रपटांत पाहण्यासारखे असते तरी काय? पडकी घरे आणि भुकेली माणसे!" प्रश्न रास्त होता. या जातीच्या चित्रपटांत पडकी घरे असतातच. ओसाड रस्ता असतो, त्यावरून चालणारा एकटा माणूस असतो, कोणाच्या तरी तोंडावर वायूचा मुखवटा असतो. हे ठरून गेलेले संकेत आहेत. कीर्तनात पूर्वरंग यावा तसे ते येतात. संकेत असण्याला आमची हरकत नाही. त्यांच्या आधाराने कोण काय सांगतो, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

लघुपटाची एक अडचण आहे, आणि तीच त्याची सोयही आहे. त्याच्यापाशी वेळ थोडा असतो आणि पैसा त्याहून थोडा. शहर कोसळताना दाखविणे त्याला परवडत नाही. म्हणून तो शहर कोसळून गेल्यानंतर सुरू होतो, आणि काय घडले ते कोणीतरी सांगू लागते. १९३९ च्या डिसेंबरात, म्हणजे युरोपात महायुद्ध पेटून तीन महिने झाले असताना, अमेरिकेत ह्यू हार्मन यांचे 'पीस ऑन अर्थ' हे छोटेसे व्यंगपट आले. त्यात एक म्हातारी खार—आजोबा—नाताळच्या सणात नातवंडांना 'माणूस' नावाचा प्राणी कसा होता ते सांगते. शेवटचे दोन शिपाई एकमेकांना मारून संपलेले असतात, आणि त्यांच्या शिरस्त्राणांची घरे करून प्राणी सुखाने राहत असतात. प्रलय, आणि तो सांगणारा निवेदक: सांगाडा तेव्हाच तयार होता.

या सांगाड्यातून सर्वांत थोर कृती निर्माण केली ती क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाने. १९६२ सालचा त्याचा 'ला जेते' हा चित्रपट अठ्ठावीस मिनिटांचा आहे. 'जेते' म्हणजे धक्का. आपल्या कोकणात बोट लागते तो नव्हे, तर पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरचा, जेथे उभे राहून लोक विमाने पाहत. रविवारी आईबाप मुलांना तेथे घेऊन येत. असाच एक मुलगा तेथे एका स्त्रीचा चेहरा पाहतो आणि लगेच एका माणसाला मरून पडताना पाहतो. पुढे तिसरे महायुद्ध होते, पॅरिस नष्ट होते, उरलेले लोक जमिनीखाली राहू लागतात. वर किरणोत्सर्ग, जावयास जागा नाही. तेव्हा विजेत्यांचे शास्त्रज्ञ ठरवितात की जागेची वाट बंद झाली, आता काळाची वाट शोधावी. त्यासाठी त्यांना असा कैदी हवा असतो, की ज्याच्या मनात भूतकाळातील एखादे चित्र घट्ट रुतून बसले आहे. तो मुलगा आता मोठा झालेला असतो, त्यालाच निवडतात.

आता यातील तंत्र पाहा. हा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे. आम्ही तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मिनिटभर आम्हांला वाटले, यंत्र अडकले! मार्करने त्याला 'फोटो-रोमान', म्हणजे छायाचित्रांची कादंबरी, असे म्हटले आहे. चित्र उभे राहते, निवेदकाचा आवाज चालतो, चित्र विरघळून दुसरे येते. सावंतवाडीकडचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र समोर धरून रामायण सांगतात; ज्यांनी ते पाहिले आहे त्यांना ही रीत परकी वाटू नये. कैद्याभोवतीचे शास्त्रज्ञ जर्मन भाषेत कुजबुजतात, त्या कुजबुजीचे भाषांतर कोणी देत नाही. १९४० ते १९४४ पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते. तेथील प्रेक्षकाला त्या कुजबुजीचा अर्थ कोणी सांगावा लागत नव्हता.

कोणी म्हणेल, हे काटकसरीचे तंत्र. असेलही. परंतु आमच्या मते कारण खोल आहे. स्मरणात हालचाल फारशी राहत नाही. गेलेल्या आईची आठवण काढा: ती चालताना दिसत नाही, उंबऱ्याशी उभी दिसते, हात पिठात असलेली दिसते. ज्याचे जग गेले त्याच्यापाशी अशी चित्रेच उरणार. म्हणजे येथे तंत्र हाच आशय झाला आहे.

आणि मग ते एक स्थळ येते. ती स्त्री निजलेली आहे. एकामागून एक स्थिर चित्रे एकमेकांत विरत जातात, पाखरांचा किलबिलाट वाढत जातो, आणि अकस्मात तिचे डोळे उघडतात, पापण्या लवतात! संपूर्ण चित्रपटात हलणारे चित्र एवढेच, काही क्षणांचे. लगेच शास्त्रज्ञाचा थिजलेला चेहरा समोर येतो. हिशेबच करावयाचा तर अठ्ठावीस मिनिटांत सेकंदाला चोवीस या दराने चाळीस हजारांवर चौकटी यंत्रातून जातात. त्यांतल्या या मूठभर चौकटींसाठी मार्करने बाकी सारे चित्र थांबवून धरले आहे. साधी पापणी लवणे हा केवढा चमत्कार आहे, हे आम्हांला तेथे कळले. जग गेले म्हणजे काय गेले, याचे उत्तर पडक्या इमारतींनी आम्हांला कधी एवढे स्पष्ट दिले नव्हते.

शेवट आम्ही सांगणार नाही. विमानतळाच्या त्याच धक्क्यावर तो आहे, इतकेच.

याच्या अगदी उलट वाटेने पीटर वॉटकिन्स गेला. त्याचा 'द वॉर गेम' १९६५ चा, पाऊण तासाचा. इंग्लंडमधील केंट परगण्यावर अणुबाँब पडला तर काय होईल, ते त्याने वार्तापटाच्या पद्धतीने दाखविले. हातात धरलेला, धडपडणारा कॅमेरा. नट नव्हेत, तेथलीच माणसे. ड्रेस्डेन, हिरोशिमा येथे जे खरोखर घडले त्याचा आधार. शेवटी अनाथ मुलांना विचारतात, मोठेपणी कोण होणार? मुले म्हणतात, कोणीच नाही. ज्या बी.बी.सी.ने तो करविला तिनेच तो दूरचित्रवाणीवर दाखविण्याचे नाकारले. तो दाखविला गेला १९८५ साली. मधल्या काळात, १९६७ मध्ये, त्याला उत्तम अनुबोधपटाचे ऑस्कर मिळाले होते. प्रेक्षकाला भय वाटेल म्हणून त्याला माहिती द्यावयाची नाही, हा न्याय आम्हांला पटत नाही. भय वाटण्याजोगी गोष्ट होती, म्हणूनच ती सांगावयाची होती. आणि खोट्या घटनेला खऱ्या वार्तेचे रूप देणे हे घातक तंत्र आहे, असा आक्षेप कोणी घेईल, तर तो मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. उद्या तेच तंत्र दुसऱ्या कोणाच्या हाती गेले तर?

आजकाल आपले विद्यार्थीही खिशातल्या फोनवर असले लघुपट करतात, आणि आम्हांला आणून दाखवितात. रंग राखाडी करतात, बंद पडलेल्या गिरणीत जाऊन चित्रण करतात, मुखवटा विकत आणतात. आम्ही त्यांना एकच विचारतो: तुमच्या नायकाला आठवते काय? बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो. एका मुलीने मात्र उत्तर दिले, "घरच्या नळाला पहाटे पाणी यायचे, तो आवाज." तिच्या चित्रपटात तो आवाज नव्हता. आम्ही म्हटले, बाई, मुखवटा काढ आणि तो आवाज घाल.

आता दिवे मालवून 'ला जेते' दाखविण्यात येईल. चित्र हलत नाही म्हणून कोणी उठून यंत्रचालकाला हाक मारू नये, एवढी विनंती.