फोटोखाली नाव हवं

(मिरजेतल्या तरुण छायाचित्रकारांच्या तीन दिवसांच्या प्रदर्शनाच्या समारोपात केलेलं भाषण)



समारोपाच्या भाषणात कौतुक करायचं, आभार मानायचे आणि चहाला उठायचं, असा रिवाज आहे. कौतुक मी करणारच आहे. पण आधी थोडं कामाचं बोलते. उद्या सकाळी हे ३१ फोटो भिंतीवरून उतरतील. त्यानंतर त्यांचं काय करायचं, हे आज ठरवायला हवं.

माझा फोटो स्टुडिओ आहे, हे तुम्हाला माहीत आहे. २२ वर्षं झाली. माझ्याकडे येणारं माणूस बहुतेक वेळा कुठल्या तरी फॉर्मसाठी येतं. शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, पासपोर्ट, बँकेचं खातं. मागे पांढरा पडदा, नजर समोर, हसायचं नाही. आठ प्रती पाकिटात घालायच्या आणि निघायचं. आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी बायकांचा एकटीचा फोटो म्हणाल तर तेवढाच. बाकी सगळे लग्नातले, घोळक्यातले, कुणाचं तरी मूल कडेवर घेतलेले. एखादी वारली की घरचे तोच पासपोर्ट फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "आपा, एवढा मोठा करून द्या."

आपला दुसरा फोटो असतो वर्तमानपत्रात. बातमी तलाकच्या कायद्याची असो, परीक्षेच्या निकालाची असो की निवडणुकीची, शेजारी फोटो ठरलेला. बुरख्यातल्या तीन-चार पाठमोऱ्या बायका, नाहीतर नमाजाची रांग. खाली लिहिलेलं असतं, 'संग्रहित छायाचित्र'. त्या बायका कोण, कुठल्या, कुठे निघाल्या होत्या, हे कुणी विचारलेलं नसतं.

म्हणजे फॉर्मवर आपलं नाव असतं पण माणूस दिसत नाही, आणि बातमीत नाव नाही, चेहराही नाही. तुम्ही आठ जणांनी या हॉलमध्ये दोन्ही एकत्र आणलंत. मला या प्रदर्शनाचं मोल तिथे वाटतं.

तुमच्यातला सगळ्यात मोठा २४ वर्षांचा, सगळ्यात लहान १७ची. कॅमेरे दोनच, तेही आळीपाळीने वापरलेले. बाकी काम मोबाइलवर. शाळेने हॉल फुकट दिला. प्रिंट सनबोर्डवर चिकटवल्या, आणि ग्लॉसी न घेता मॅट घेतल्या, म्हणून ट्यूबलाइट त्यांच्यावर चमकत नाही. भिंतीवर काय आहे? रात्रपाळी संपवून दवाखान्याच्या पायरीवर चपला बदलणारी नर्स. जंक्शनवर पहाटे चहाची किटली भरणारा मुलगा. मोबाइलवर आधी स्वतः गणित समजून घेऊन मग मुलीला शिकवणारी आई. ऑइलने काळा झालेला मेकॅनिक, आणि त्याच्या मागे खिळ्याला अडकवलेली बीएच्या पुस्तकांची पिशवी. ही आपली रोजची माणसं आहेत. तीन दिवस लोक एकमेकांना हाका मारून त्यांना दाखवत होते.

सतारमेकरांकडचे फोटोही आहेत. मिरजेत कॅमेरा घेऊन आलेला माणूस तिथे जातोच. २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण तिथे बहुतेक जण हातांचा फोटो काढून येतात. भोपळा, सुरकुतलेली बोटं, खिडकीतून आलेला उजेड. फोटो छान येतो, पण ते हात कुणाचे हे कळत नाही. तुमच्यातल्या एकाने चाचांना पूर्ण दाखवलंय, शेजारी त्यांचा मुलगा उभा आहे. फोटोओळीत लिहिलंय की चाचा वयाच्या तेराव्या वर्षापासून हे काम करतात, आणि मुलगा फार्मसी शिकतोय, त्याला या धंद्यात यायचं नाही. लोक त्या फोटोसमोर जास्त वेळ थांबत होते. ओळ वाचायचे, पुन्हा फोटो बघायचे.

मी नावावर एवढा भर का देते, ते फ्रान्समधल्या एका उदाहरणावरून सांगते. पॅरिसच्या बाहेर मोंफेर्मेय गावात ले बोस्के नावाची वस्ती आहे. आफ्रिकेतून आलेल्या स्थलांतरितांची पुष्कळ कुटुंबं तिथे राहतात. जेआर या नावाने काम करणाऱ्या तरुण फोटोग्राफरने २००४ मध्ये तिथल्या मुलांचे फोटो मोठे छापून तिथल्याच भिंतींवर चिकटवले. त्याचा मित्र लाज ली याच वस्तीतला. पुढच्या वर्षी शेजारच्या गावात पोलिसांपासून पळताना दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात शिरली आणि शॉक लागून मेली. दंगली पेटल्या. टीव्हीवर जळत्या गाड्या आणि तोंड झाकलेली पोरं दिसू लागली. जेआर परत वस्तीत गेला आणि तरुणांचे अगदी जवळून फोटो काढले. त्यांनी मुद्दाम वेडीवाकडी तोंडं केली, तुम्ही आम्हाला राक्षस समजता ना, मग बघा! ते फोटो पॅरिसच्या श्रीमंत भागांतल्या भिंतींवर लागले. प्रत्येकावर त्या मुलाचं नाव, वय आणि इमारतीचा नंबर होता. सुरुवातीला हे बेकायदा होतं. नंतर पॅरिसच्या महापालिकेने तेच फोटो आपल्या इमारतीवर लावले. लाज ली पुढे दिग्दर्शक झाला, २०१९ मध्ये कान महोत्सवात त्याच्या सिनेमाला ज्युरी पारितोषिक मिळालं.

नाव आणि घराचा नंबर लिहिला की 'त्या वस्तीतली पोरं' असं सरसकट म्हणणं अवघड होतं. म्हणून नाव हवं.

पण नाव लिहिण्यात जोखीम आहे, आणि ती आपली नसते, फोटोतल्या माणसाची असते. परवा इथे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवशी भिंतीवर ३२ फोटो होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ताई आल्या आणि आपला फोटो उतरवायला सांगितला. सगळ्यांना आवडलेला तो फोटो होता. ज्या मुलीने तो काढला तिने एक शब्द न बोलता उतरवला आणि प्रिंट ताईंच्या हातात दिली. त्यावरून नंतर तुमच्यात वाद झाला. एकजण म्हणाला, "त्यांनी परवानगीवर सही केली होती." दुसरी म्हणाली, "दिराने दम दिला असणार. आपण असेच ऐकत गेलो तर भिंतीवर एकही बाई उरणार नाही."

दुसरीचं म्हणणं मला टोचतं, कारण ते खरं आहे. तरीही फोटो उतरवला हेच बरोबर होतं. बाईला दाखवायचं म्हणून तिच्या मर्जीविरुद्ध तिला भिंतीवर ठेवलं, तर आपण तिच्या दिरापेक्षा वेगळे कसे? कारण धर्माचं असेल, घरातलं असेल, नोकरीतलं असेल, ते विचारायचा आपल्याला हक्क नाही. यावर उपाय एकच, आधी जायचं. प्रिंट भिंतीवर लागण्याआधी तिच्या घरी न्यायची, चहा प्यायचा, घरच्यांनाही दाखवायची, ओळ वाचून दाखवायची, नाव लिहायचं की नाही हे तिला ठरवू द्यायचं. एक बाई आज उतरली. तिच्याशी बोलणं चालू राहिलं तर पुढच्या वर्षी कदाचित ती स्वतः येईल.

आणि परवानगी एकदा घेतली की सगळ्याला मिळाली असं धरू नका. हॉलसाठी वेगळी, वर्तमानपत्रासाठी वेगळी, इन्स्टाग्रामसाठी वेगळी. हॉलमध्ये ५०० माणसं बघतात, तीही ओळखीची. मोबाइलवर गेलेला फोटो कुठे जाईल, कुणी त्याखाली काय लिहील, हे आपल्या हातात राहत नाही. लहान मुलांच्या बाबतीत आईबापाचा होकार हवाच, पण मुलालाही विचारा. माझं हे भाषण मासिकात ऑनलाइन येणार आहे. म्हणून मी मघापासून कुणाचंही नाव घेतलेलं नाही. फोटोतल्या माणसांनी होकार या भिंतीपुरता दिला आहे.

आता फोटो काढणाऱ्यांच्या नावाबद्दल, खास करून मुलींसाठी. होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३चा, नवसारीचा. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. सरकारने पद्मविभूषण दिलं ते २०११ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी. इथल्या तीन मुलींच्या फोटोंखाली मला फक्त 'मोहल्ला ग्रुप' असं दिसलं. घरच्यांशी बोलून, जमेल तेव्हा, तिथे स्वतःचं नाव लिहा. नाव लिहायचं नसेल तर तोही तुमचा निर्णय असू दे, सवय नको.

तुमच्यातल्या दोघांना दानिश सिद्दिकीसारखं व्हायचंय. रोहिंग्यांच्या फोटोंसाठी २०१८ मध्ये रॉयटर्सच्या ज्या चमूला पुलित्झर मिळालं, त्यात तो होता. २०२१ मध्ये अफगाणिस्तानात काम करताना तो मारला गेला. त्याचं धाडस सगळ्यांना आठवतं. मी तुम्हाला दुसरी गोष्ट सांगते. वृत्तसंस्थेत प्रत्येक फोटोसोबत कुठे, कधी, काय घडलं हे लिहावं लागतं. ही शिस्त शिकायला युद्धावर जावं लागत नाही, ती मिरजेतही शिकता येते.

तर उद्याचं काम. फोटो उतरवल्यावर प्रत्येक सनबोर्डच्या मागे मार्करने नाव, तारीख, जागा आणि फोटो कुणी काढला ते लिहा. हीच माहिती एका वहीत उतरवा आणि मूळ फाइली दोन ठिकाणी ठेवा, नुसत्या मोबाइलवर नको. मग ज्याचा फोटो त्याच्या घरी प्रिंट पोचवा. दुसरा संच लागेल, कारण तालुक्यातल्या वाचनालयांत आणि शाळांत हे प्रदर्शन फिरवायचं आहे. त्याच्या प्रिंटचा खर्च माझ्या स्टुडिओकडे. पण त्या आधी पुन्हा सगळ्यांच्या घरी जाऊन विचारून या, कारण ती भिंत वेगळी असेल.

तुम्ही फार चांगलं काम केलंत. चला, चहा थंड होतोय.