पट शाळेच्या वेळेतच मांडा
(माधवनगर येथे शिक्षिका व कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



शेजारच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले. भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे सांगलीच्याच पटावर घडल्या. तरीही शाळा सुटल्यावर पट मांडला की भोवती मुलगेच दिसतात. मुली पाणी भरायला, धाकटे भावंड सांभाळायला घरी गेलेल्या असतात.

म्हणून मागणी एकच: बैठे खेळ वेळापत्रकात, गणिताच्या तासाला घ्या. पहिली-दुसरीत सापशिडी दोन फाशांनी खेळावी. सोंगटी हलवण्याआधी ती कोणत्या घरात पोचेल, हे मोठ्याने सांगायला लावावे. वरच्या वर्गांत बुद्धिबळ घ्यावे. प्याद्याची किंमत १, घोडा-उंटाची प्रत्येकी ३, हत्तीची ५, वजिराची ९. हत्ती देऊन घोडा घेणे परवडेल का, हा हिशेब मुलींनीच करावा.

मात्र नुसत्या खेळाने गुण वाढतात, असे आश्वासन पालकांना देऊ नका. इंग्लंडमधल्या १०० प्राथमिक शाळांच्या अभ्यासात (२०१६) बुद्धिबळ शिकलेल्या मुलांचे गणित इतरांहून सुधारलेले आढळले नाही.

मग आग्रह कशासाठी? घरात मुलीच्या वतीने दुसरेच ठरवतात. पटावर तिची चाल तिलाच ठरवावी लागते.

१९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ झाला. स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. स्पर्धेचे दार असे उघडले. वर्गातला पट मुलींपर्यंत नेणे आपल्या हाती आहे. येत्या पालकसभेत हा विषय मांडूया.