पाटी हातीं येण्यापूर्वीं
(गांवच्या पालकसभेंत केलेलें भाषण)



चौथींतलें एखादें पोर मागें पडलें कीं, "त्याच्या डोक्यांतच नाहीं, गुरुजी," असें त्याचा बापच आम्हांस सांगतो. बुद्धि जन्मानें वांटून दिलेली असते, ही दुसऱ्यांनीं आपल्या माथीं मारलेली समजूत आतां आपल्याच तोंडीं बसली आहे.

मध्य अमेरिकेंत ग्वाटेमाला नांवाचा देश आहे. तेथील चार गरीब खेड्यांत १९६९ पासून १९७७ पर्यंत एक प्रयोग चालला. औषधपाणी चारहि गांवांना मिळे. पण दोन गांवांत लेंकरांना व गरोदर बायांना दूधभुकटी घातलेली सकस पेज, आणि उरलेल्या दोहोंत नुसतें गोड सरबत. पुढें तींच मुलें मोठीं होऊन कामाधंद्याला लागल्यावर तपासणी झाली. तीन वर्षांच्या आंत पेज मिळालेल्या पुरुषांची ताशी मजुरी सुमारें ४६ टक्के अधिक निघाली. मुली सरासरीनें एक इयत्ता अधिक शिकल्या. वाचलेलें समजण्यांतहि ही मुलें सरस ठरलीं. तीन वर्षांनंतर ज्यांना पेज मिळाली, त्यांच्या मजुरींत मात्र असा फरक दिसला नाहीं. लोक एकाच थराचे. फरक होता तो वाटीचा!

मेंदूची मोठी वाढ पहिल्या दोन वर्षांतच उरकते. त्या दिवसांत लोह कमी पडलें, वरचेवर हगवण लागली, तर पुढें आम्ही फळ्यापुढें कितीहि घसा फोडला तरी ती तूट पुरती भरून येत नाहीं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील १०० पैकीं ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. याला दारिद्र्य कारण आहेच. पण आपणहि लेंकरांना सरबतच पाजतों कीं नाहीं? सहा महिन्यांच्या बाळाला वरणाचें वरवरचें पाणी, वर्षाच्या पोराला चहांत बुडविलेलें बिस्कीट. पोट भरतें, पोर गप्प बसतें, आणि आईला कामाला मोकळीक मिळते. त्याऐवजीं घट्ट वरणांत भात कुस्करून वर चमचाभर तेल घाला, दाण्याचें बारीक कूट घाला, अंडें द्या. (सत्यनारायणाच्या शिऱ्याला तूप निघतें आणि बाळाच्या घासाला निघत नाहीं, हा हिशेब आम्हांस उमगत नाहीं.) गरोदर सुनेनें सर्वांमागून उरलेंसुरलें खावें, ही रीत तर आजच मोडा. अंगणवाडीच्या पाकिटाला चव नाहीं, ही तक्रार खरी. म्हणून तें म्हशीपुढें टाकावयाचें?

येत्या सोमवारीं अंगणवाडींत बाळांचें वजन व उंची घेणार आहेत. बापांनींहि यावें. कार्डावरची रेघ कशी वाचावी, तें आम्ही तेथें बसून दाखवूं.