झोप लागते का?

आमच्या घरी फ्रिजच्या दारावर दोन वर्षं एक कागद चिकटवलेला होता. दर रविवारच्या टेस्टचा रँक मी त्यावर लिहायचो. टेस्ट माझ्या मुलीची, अक्षर माझं. नीटची तयारी सुरू होती. पतसंस्थेचं कर्ज काढून क्लास लावला होता, तेव्हा हिशेब ठेवणं हा आपला हक्कच आहे असं मला वाटायचं. एरवी मी कवी. पिंजऱ्याच्या विरुद्ध, आभाळाच्या बाजूने वगैरे लिहिणारा. त्या कागदाकडे बघून मला तेव्हा एकदाही हसू आलं नाही, याचं आज नवल वाटतं.

पहिल्या वर्षी जमलं नाही. दुसऱ्या वर्षासाठी 'ड्रॉप' घेतला. मुलीचं ताट अर्धं उरायला लागलं, न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. आम्ही बदाम आणले. नातेवाइकांचे फोन यायचे, 'किती आले?' तीही शहाण्या मुलीसारखी आकडा सांगायची.

डिसेंबरातली गोष्ट. नागपूरची थंडी तुम्हाला सांगायला नको. रात्री दोनच्या सुमाराला अब्बा पाणी प्यायला उठले. अब्बांनी ऐंशी ओलांडली आहे, नीट म्हणजे काय हे त्यांना आजही धड माहीत नाही. जिन्यावर नात अंधारात बसलेली दिसली. ते तिच्याशेजारी बसले आणि त्यांनी विचारलं, "बेटा, रात को नींद आती है क्या?"

ती रडायला लागली ती थांबेचना. मी दाराआड उभा होतो. दोन वर्षांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. मी तर नाहीच. हुंदके आवरल्यावर ती म्हणाली, "दादा, सकाळ होऊच नये असं वाटतं."

दुसऱ्या दिवशी तिला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. औषध सुरू झालं, बोलणं सुरू झालं. हे सगळं मी तिला विचारूनच सांगतो आहे. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि त्यात सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे. ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी रात्र आली असेल तर 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवा. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

त्या दिवसांत मी आकडेमोड करत बसलो. २०२४ साली नीटसाठी २४ लाखांच्या आसपास मुलांनी नाव नोंदवलं. एमबीबीएसच्या जागा देशभर मिळून १ लाखाच्या थोड्या पुढे. म्हणजे समजा सगळ्याच मुलांनी रात्रीचा दिवस केला, सगळीच हुशार निघाली, तरी २२ लाखांहून अधिक मुलांना ती जागा मिळणार नाही. नापासांची संख्या परीक्षेच्या आधीच ठरलेली आहे. आमच्या वेळी दहावीच्या गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो छापून यायचे, पेढा भरवणाऱ्या आईसकट. बोर्डाने ती यादी कधीच बंद केली. क्लासच्या फलकांवर ती पुन्हा उगवली, आणि माझ्या फ्रिजवरही.

आता एक जुनी नागपुरी हकिकत सांगतो. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जवळ, रेल्वे जवळ, सगळं हाताशी. अडचण एकच आली: माणसं रोज कामावर येईनात. शेकडा २० गैरहजर, हे नेहमीचं. पोटापुरतं मिळालं की गडी घरी. चरित्रकारांनी हे थोडं कौतुकाने, थोडं कपाळाला हात लावून लिहिलं आहे. जमशेटजींचं मोठेपण असं की त्यांनी दंडाचा बडगा उगारला नाही. खेळांचे दिवस भरवले, बक्षिसं वाटली. १८८६ साली पेन्शन फंड काढला, १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू केली. तेव्हाच्या हिंदुस्थानात हे फारच पुढचं पाऊल होतं.

हे वाचून मी अब्बांना विचारलं, कारण ते स्वतः मिल कामगार आणि त्यांचे आजोबाही. "अब्बा, आपले लोक खरंच इतके आळशी होते?" अब्बा हसले. म्हणाले, त्यांचे आजोबा तान्ह्या पोळ्याला मारबत बघायला जायचे, संक्रांतीला पतंग उडवायचे, कुणाच्या घरी मयत झाली तर तीन दिवस तिथेच. त्या दिवसांची मजुरी बुडायची. "बुडायची तर बुडायची. सांचा दुसऱ्या दिवशी तिथेच असतो, माणूस नसतो." हे अब्बांचे शब्द, त्यांच्या आजोबांचे म्हणून सांगितलेले. खरे कुणाचे, अल्ला जाणे.

कवीला असली गोष्ट मिळाली की तो तिचा झेंडा करतो. मीही करणार होतो. पण 'पुरे' हा शब्द भरल्या ताटावर बसून म्हणणं वेगळं आणि रिकाम्या ताटासमोर म्हणणं वेगळं. २००२ साली एम्प्रेस मिल बंद झाली, आज त्या जागेवर मॉल आहे. अब्बा त्याआधीच निवृत्त झाले होते, पण त्यांच्या जोडीदारांची मुलं रिक्षाच्या हँडलवर आली. त्या घरांतल्या बापांनी पोराला 'डॉक्टर हो' म्हटलं, तर त्यांना कोणत्या तोंडाने नावं ठेवायची? भूतानने २००८ च्या राज्यघटनेत सुखाला जागा दिली, साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या, आणि तिथली तरुण मुलं मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाला निघाली. नोकरीशिवाय सुख फार दिवस टिकत नाही.

माझं भांडण मेहनतीशी नाही. अब्बांनी उभ्या आयुष्यात कमी कष्ट केले नाहीत. पण पाळी सुटली की ती सुटायची. आंघोळ करून ते बाज अंगणात टाकायचे, रेडिओ लावायचे, मोहल्ल्यातला कुणी आला की अर्धी बाज त्याची. आपला रँक किती, हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. मला मात्र नोकरीत बढती हुकली तेव्हाही पडला आणि कवितेचं बक्षीस हुकलं तेव्हाही. तोच प्रश्न मी मुलीच्या नावाने फ्रिजवर लावला होता.

मुलगी आता बी.एस्सी. करते आहे, वनस्पतिशास्त्र घेऊन. मैत्रिणींबरोबर सकाळी महाराजबागेत जाते आणि कुठल्या झाडाला कधी बहर येतो ते वहीत लिहिते. जेवते. कधी भांडतेही, आणि ते मला फार बरं वाटतं. पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला. पेढे आले. मुलगी पळत जाऊन त्याचं अभिनंदन करून आली, मनापासून. मी पेढा खाल्ला, चांगला होता. रात्री मात्र कितीतरी वेळ पंख्याकडे बघत पडून होतो.

सकाळी चहा पिताना अब्बांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"नींद आई?"

"आई ना," मी म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. त्यांनी आपल्या बशीतलं बिस्कीट माझ्याकडे सरकवलं.