हिवाळ्याचे बिऱ्हाड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संयोजकांनी विषयनिवडीचे स्वातंत्र्य आम्हांस दिले, तेव्हा प्रसंगास शोभेसा एखादा भारदस्त विषय आम्ही घेऊ अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही मात्र आज हॉलंडातील वृद्ध माणसांविषयी बोलणार आहोत. हॉलंडच्या लोकांना आपल्या जुन्या कागदपत्रांत ‘वलंदेज’ म्हटलेले आढळते. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. तेव्हा हे लोक उष्ण देशांत व्यापारासाठी येत. आज त्यांच्यातील हजारो माणसे उबेसाठी दक्षिणेकडे जातात. त्यांच्या या जाण्यात एक असा प्रश्न दडलेला आहे की, जो आपणांपैकी प्रत्येक घरात कधी ना कधी निघतो. निवृत्तीनंतर राहायचे कोठे?

प्रथम एका शब्दाची गोष्ट सांगतो. डच भाषेत ‘ओव्हरविंटरन’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ हिवाळा काढणे. या शब्दाशी डच मुलांच्या मनात एक जुनी कथा जोडलेली असते. १५९६ साली विलेम बॅरेंट्स हा नाविक उत्तरेच्या हिमसमुद्रातून पूर्वेकडे जाण्याचा मार्ग शोधीत निघाला. नोवाया झेमल्या बेटापाशी त्याचे जहाज बर्फात अडकले. सतरा माणसांनी वाहून आलेली लाकडे आणि जहाजाच्या फळ्या यांचे एक घर उभारले आणि ध्रुवप्रदेशातील ती दीर्घ रात्र त्यात काढली. १५९७ च्या जूनमध्ये ते दोन उघड्या होड्यांतून परत निघाले. बॅरेंट्स वाटेतच वारला. बारा जण त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ॲमस्टरडॅमला पोहोचले. एके काळी मृत्यूच्या दाढेत हिवाळा काढण्याची आठवण देणारा हा शब्द आज स्पेनच्या किनाऱ्यावर उन्हात बसून हिवाळा काढणे या अर्थी सर्रास वापरला जातो. शब्द तोच राहिला, दिशा मात्र उलटली.

ही दिशा उलटण्यास कारणेही तशीच आहेत. ॲमस्टरडॅमला डिसेंबरच्या अखेरीस दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो, आणि तोही बहुधा ढगाळलेला. जानेवारीचे सरासरी तपमान तीन-चार अंश. स्पेनमधील आलिकान्तेला त्याच महिन्यात ते बारा अंशांच्या आसपास असते आणि दिवसही साडेनऊ तासांचा मिळतो. सांधे धरलेल्या माणसाला हा फरक आकडेमोड करून सांगावा लागत नाही.

परंतु नुसत्या थंडीने माणसे घर सोडत नाहीत. त्यासाठी हाती पैसा आणि मनाला निश्चिंती लागते. ती त्यांना वृद्धवेतनाने दिली. विलेम ड्रेएस यांनी मंत्री असताना १९४७ साली वृद्धांसाठी तात्पुरता कायदा आणला, आणि १९५७ पासून तेथे सार्वत्रिक वृद्धवेतन सुरू झाले. देशात वास्तव्याच्या प्रत्येक वर्षामागे दोन टक्के, याप्रमाणे पन्नास वर्षांत पूर्ण वेतनाचा हक्क जमतो. वेतनाचे वय पूर्वी पासष्ट होते, ते २०२४ पासून सदुसष्ट झाले आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या आधाराने म्हातारपण काढणाऱ्या समाजात अशा रीतीने प्रथमच वृद्ध माणूस स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि त्याला प्रवासाची इच्छा झाली.

नेमक्या त्याच काळात स्पेनचा किनारा बदलत होता. बेनिदोर्म हे कोळ्यांचे छोटे गाव. १९५६ साली त्याचा नगररचना आराखडा झाला आणि तेथे उंच इमारती उठू लागल्या. १९६७ मध्ये आलिकान्तेचा नवा विमानतळ सुरू झाला. येथे इतिहासाचा एक विलक्षण योग आम्हांस दिसतो. १९६१ साली नेदरलँडने स्पेनशी कामगारभरतीचा करार केला. स्पेनचे तरुण पोटासाठी उत्तरेच्या कारखान्यांत आले, आणि उत्तरेचे वृद्ध उन्हासाठी दक्षिणेस जाऊ लागले. एकाच वाटेवर दोन काफिले परस्परांना ओलांडून गेले. एकाच्या खांद्यावर भविष्याचे ओझे होते, दुसऱ्याच्या खिशात भूतकाळाची कमाई.

आता या दक्षिणवासीयांचे दोन प्रकार लक्षात घेतले पाहिजेत. पहिला प्रकार हिवाळ्यापुरता जाणाऱ्यांचा. शरद ऋतूत मोटारीमागे चाकांचे घर जोडायचे, उत्रेख्तपासून सुमारे एकोणीसशे किलोमीटर दक्षिणेकडे जायचे आणि ट्युलिप फुलण्याच्या सुमारास परतायचे. यांचे मूळ घर, डॉक्टर, विमा सारे स्वदेशी राहते. दुसरा प्रकार घर विकून कायमचे जाणाऱ्यांचा. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. दोघेही त्याच बाकावर बसून तेच ऊन खातात. कायदा मात्र त्यांच्यात काटेकोर रेघ ओढतो. वर्षात आठ महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहणाऱ्याला नेदरलँडच्या नागरिकनोंदीतून नाव काढून घ्यावे लागते. स्पेनमध्ये वर्षाकाठी १८३ दिवसांहून अधिक राहिले की तेथील करदाता होण्याची वेळ येते. युरोपीय संघातील देशात गेलेल्या निवृत्ताला त्या देशातील वैद्यकीय सेवा मिळते आणि त्यासाठीची वर्गणी त्याच्या वेतनातून कापली जाते. ज्या देशाशी असा करार नाही तेथे कायमचे गेल्यास मायदेशीचा आरोग्यविमा संपतो आणि वार्धक्यात नवा विमा शोधीत फिरावे लागते. वेतनाच्या वयापूर्वीच जो गेला, त्याच्या वृद्धवेतनातून प्रत्येक वर्षामागे दोन टक्के गळतात.

हे सारे हिशोब कागदावर मांडता येतात, आणि हिशोबात डच माणूस कधी कच्चा नव्हता. पण काही गोष्टी कागदावर येत नाहीत. आपण एका जोडप्याची कल्पना करू. वय सत्तरीकडे झुकलेले, उत्तरेतील घर विकलेले, समुद्राकाठी लहानशी सदनिका घेतलेली. पहिली दहा वर्षे सुखाची जातात. सकाळी फेरफटका, दुपारी पत्ते, डिसेंबरात देशबांधवांच्या क्लबात संत निकोलसाचा सण. गंमत अशी की, डच दंतकथेत हा संत दरवर्षी स्पेनहूनच आगबोटीने येतो. म्हणजे ही मंडळी त्याच्या माहेरीच जाऊन राहिली! अकराव्या वर्षी नवऱ्याला पक्षाघात होतो. इस्पितळ चांगले असते, डॉक्टर निष्णात असतात. पण रुग्णाला भरवणे, पुसणे, उठवणे, बसवणे ही कामे आप्तांनी करावीत असा त्या समाजाचा रिवाज. स्पॅनिश रोग्याच्या खाटेभोवती लेकी-सुना असतात. या बाईंची मुले अडीच-तीन तासांच्या विमानप्रवासावर असतात, आणि त्यांना त्यांच्या नोकऱ्या असतात. दहा वर्षांत शिकलेले स्पॅनिश बाजारापुरते. दुखणे कोठे आहे आणि कसे आहे, हे सांगण्यास ते पुरत नाही.

पुढे तो गेला, तर? नेदरलँडचा कायदा मृत्यूनंतर छत्तीस तास थांबायला सांगतो आणि अंत्यविधीसाठी सहा कामाच्या दिवसांपर्यंत मुदत देतो. तेवढ्यात सारे गोतावळे जमते. स्पेनमध्ये बहुधा दोन दिवसांत सारे उरकते, आणि दफनही पुष्कळदा जमिनीत न होता भिंतीतल्या कोनाड्यात होते. १७ ऑगस्ट २०१५ पासून युरोपीय संघाचा नियम असा आहे की, मृत्युपत्रात स्वदेशाचा कायदा निवडला नसेल, तर वारसा सामान्यतः राहत्या देशाच्या कायद्याने ठरतो. दुःखाच्या त्या घटकेला हे कळणे फार जड जाते. परत जावे, तर विकलेल्या घराच्या किमतीत आता तसे घर मिळत नाही. डच भाषेत घराच्या ओढीला ‘हेइमवे’ म्हणतात. घर आणि वेदना या दोन शब्दांचा तो समास आहे. इतकी वर्षे तो शब्द कोशात होता. आता तो उशापाशी येऊन बसतो.

मग जाऊच नये काय? असे आमचे म्हणणे नाही. कित्येकांना त्या उन्हाने निरामय वर्षे दिली आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, ऋतू बदलणे निराळे आणि देश बदलणे निराळे. मार्च २०२० मध्ये स्पेनने महामारीमुळे हॉटेले आणि तंबूंची मैदाने बंद केली, तेव्हा हिवाळी पाहुण्यांना घाईघाईने गाशा गुंडाळावा लागला. त्यांना गाशा गुंडाळता आला, कारण परतायला दार होते.

याच नेदरलँडात दुसरेही वृद्ध आहेत, ज्यांची कथा उलट्या दिशेची आहे. १९६४ च्या करारान्वये तुर्कस्तानातून आणि १९६९ च्या करारान्वये मोरोक्कोतून जे तरुण कामगार आले, ते चार पैसे गाठीला बांधून परतणार होते. ते आता आजोबा झाले आहेत. त्यांच्यापैकी अनेकजण काही महिने मूळ गावी आणि काही महिने नेदरलँडात राहतात. गावी ऊन आहे, भाषा आहे, आईबापांच्या कबरी आहेत. इकडे मुले, नातवंडे आणि डॉक्टर आहेत. दोन घरचा पाहुणा उपाशी अशी आपल्याकडे म्हण आहे. हे पाहुणे उपाशी नाहीत. पण एका घरी जेवताना त्यांना दुसऱ्या घराची आठवण येते.

आणखी एक दाखला देऊन आवरते घेतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी डच माणसे कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत गेली. ऑस्ट्रेलियात त्यांनी आपली भाषा इतर बहुतेक वसाहतकऱ्यांपेक्षा लवकर टाकली, असे मायकेल क्लाइन या भाषाशास्त्रज्ञाने दाखविले. त्यांच्या मुलांनी इंग्रजीच आपली केली. तरुणपणी हे सोयीचे होते. पण वार्धक्यात स्मृती ढळू लागली की मागाहून शिकलेली भाषा आधी निसटते आणि आईची भाषा मागे उरते, असा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. अशा वेळी बाप डच बोलतो आणि मुलाला ते कळत नाही. समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाला खरा दुरावा तेथे भेटतो.

बंधुभगिनींनो, आपणही पोटासाठी महाराष्ट्राबाहेर आलेल्यांची मुले-नातवंडे आहोत. आपल्यातील कोणी पुण्यास सदनिका घेऊन ठेवतो, कोणी कोकणातले घर शाकारतो, कोणी म्हणतो, आता येथेच माती. यांपैकी कोणताही निर्णय वावगा नाही. मात्र तो घेताना हवापाणी आणि भाडे यांच्या जोडीने आणखी तीन प्रश्न विचारावेत, असे वलंदेजांच्या अनुभवावरून आम्हांस वाटते. दोघांतील एक मागे राहिल्यास त्याचे काय? परतीचे दार किती काळ उघडे राहील? आणि आजारपणात आपण ज्या भाषेत कण्हू, ती समजणारे माणूस हाकेच्या अंतरावर असेल काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पैशाने विकत मिळत नाही. ते शेजाराने मिळते, आणि असा शेजार उभा करायला पन्नास पन्नास वर्षे लागतात. या मंडळाने तो उभा केला आहे. गणपती आणि नाटके यांबरोबर एकाकी वृद्धांच्या घरी आठवड्यातून एकदा जाऊन दोन घटका मराठीत बोलण्याचे कामही मंडळाने हाती घ्यावे, अशी आमची विनंती आहे.