दात खातात, पण का?

घरात स्मृतिभ्रंश झालेलं माणूस सांभाळणाऱ्या आम्ही काही जणी महिन्यातून एकदा एकत्र बसतो. या वेळी बोलणं निघालं दात खाण्यावर. कुणाकडे रात्री करकर आवाज येतो, कुणाकडे भरदिवसा.

आपल्याकडे लगेच म्हणतात, जंत झाले असतील. तेवढ्यावरून जंतांचं औषध देऊ नका, आणि हट्टीपणा समजून रागावूही नका. ‘दाढ दुखते’ हे शब्दच ज्याला सापडत नाहीत, ते माणूस सांगणार कसं?

म्हणून आधी चांगल्या उजेडात तोंड बघा. किडलेली दाढ, सुजलेली हिरडी, सैल कवळी, कोरडी जीभ. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई ताट समोर आलं की दात खायच्या आणि घास नाकारायच्या. दातांच्या डॉक्टरांना कवळीखाली जखम सापडली. कवळी नीट बसवून घेतली, तशा जेवू लागल्या. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायचीच.

तोंडात काही नसेल तर बाकीचं बघा. भूक, तहान, पोट साफ नसणं, लघवीला जळजळ, घरातला गोंगाट. एका वहीत लिहा: कधी सुरू झालं, त्याआधी काय घडलं, किती वेळ चाललं. ही वही डॉक्टरांनाही दाखवा. नैराश्यावरच्या आणि मन शांत करण्यासाठीच्या काही गोळ्यांनीही जबडा असा चालू राहतो. नवी गोळी सुरू झाल्यावर त्रास लागला असेल तर सांगा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

दात खाणं चालू असताना तोंडात बोट, चमचा, कापड काही घालू नका. चावा बसतो, घशात अडकतं. समोर बसा, हात हातात घ्या. कोमट कापडाची घडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, मग जबड्यावर ठेवा. हात झिडकारला तर थांबा. ओळखीचं भजन लावा, घड्या घालायला रुमाल द्या. संध्याकाळचा चहा कमी करा.

दातांवर बसवायचं रात्रीचं कव्हर दुकानातून परस्पर आणू नका. आजार वाढलेला असेल तर ते घशात जाण्याची भीती असते. दातांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

अचानक सुरू झालं, सोबत ताप, गालाला सूज किंवा जेवण बंद असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि सगळं करूनही आवाज थांबला नाही तर? दुखत नाही, खाणं-झोप ठीक आहे, असं डॉक्टरांनी पाहिलं असेल तर तो आवाज चालू द्या. घरातल्या दुसऱ्या कुणाला दोन रात्री तिथे झोपायला सांगा आणि तुम्ही वेगळ्या खोलीत झोपा. तुमचीही झोप झाली पाहिजे. ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन 14567 आहे, तीही लिहून ठेवा.